घर ऑफिसजवळ नको, शाळेजवळ घ्यावं

कर्वेनगरकर
लेक पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाईल. मी हिंजवडी फेज ३ ला, नवरा खराडीला, म्हणजे पुण्याची दोन टोकं. सध्या कर्वेनगरला भाड्याने राहतो आणि दीड वर्ष झालं, घरं बघतोय. भेटेल तो एकच सांगतो: ऑफिसजवळ घ्या, नाहीतर निम्मं आयुष्य रस्त्यात जाईल. मला ते पटत नाही.

बारा वर्षांत माझ्या चार नोकऱ्या झाल्या. मगरपट्टा, येरवडा, बाणेर, आता हिंजवडी. गृहकर्ज मात्र वीस वर्षांचं. शाळा एकदा मिळाली की दहावीपर्यंत तीच. आई-बाबा एरंडवण्यात आहेत. लेकीला ताप आला की पाळणाघरातून पहिला फोन आईला जातो आणि ती वीस मिनिटांत रिक्षाने पोचते. ती वीस मिनिटं मी कुठल्याही क्लबहाउससाठी सोडणार नाही.

प्रवास मोठ्यांनी करावा. तो आता पूर्वीइतका वाईटही राहिलेला नाही. वनाज ते रामवाडी मेट्रो २०२४ च्या मार्चपासून सलग आहे. नवरा वनाजला गाडी लावतो आणि रामवाडीहून पुढे रिक्षा करतो. चांदणी चौकातले नवे पूल २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्यापासून तिथे माझी बस फारशी अडकत नाही. अडकते ती पुढे भूमकर चौकात.

आई-बाबांच्या जवळ, कोथरूडला, आमच्या पैशात जुन्या इमारतीतला वन बीएचके येतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तरी मी तोच घेईन. तुमचं काय मत?

मारुंजीचा बाबा
ताई, पूर्ण असहमत. तुम्ही म्हणताय तेच मी तीन वर्षं केलं, बिबवेवाडी ते हिंजवडी. घरी पोचायचो तेव्हा पोरगा झोपलेला असायचा. बाईंनी वहीत लिहिलेली चिठ्ठी रात्री पावणेदहाला वाचायची, सही करायची आणि वही दप्तरात वरच ठेवायची, सकाळी त्याला सापडावी म्हणून. आमचं बोलणं म्हणजे ती वही.

हिंजवडीशेजारच्या मारुंजीला आल्यापासून मी सव्वासहाला घरात असतो. त्याला सायकल मी शिकवली, वॉचमनकाकांनी नाही. आजी-आजोबा शनिवार-रविवारी येतात, त्यात चालून जातं. बाप रोज लागतो. आणि नोकरीचं म्हणाल तर मी दोन बदलल्या, दोन्ही हिंजवडीतल्या हिंजवडीत.

तळेगाव स्टेशन
दोघंही लोकल विसरलात. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावतेय. मी तळेगावहून शिवाजीनगरला पासावर जाते, गाडीत बसायला मिळतं, भाजी निवडून होते. कोथरूडच्या वन बीएचकेच्या पैशात इथे ऐसपैस घर, हवा चांगली, मुलांना गल्लीत खेळता येतं.

एक खोट मात्र सांगायलाच हवी. दुपारी बराच वेळ लोकलच नसते. मागच्या वर्षी साडेबाराला शाळेतून फोन आला, मुलाला उलट्या होत होत्या. मी मेट्रोने पिंपरीपर्यंत गेले, तिथून बसने निगडी, निगडीहून दुसरी बस. शाळेत पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. तो ऑफिसातल्या बाकावर शिपाईमावशींच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. तेव्हापासून शेजारच्या काकूंचं नाव शाळेत लिहून दिलंय. तळेगावला यायचं तर अशा एक काकू आधी जोडा.

टँकरचा हिशेब
मी एका मोठ्या सोसायटीचा खजिनदार, पश्चिमेकडचीच सोसायटी. तुम्ही सगळे मिनिटं मोजताय, पाणी कोणी मोजत नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभ्या राहिलेल्या कित्येक सोसायट्या टँकरवर चालतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पहाटे पाचला पहिला टँकर लागतो. पाईप टाकीत सोडला की वॉचमन मीटरचा फोटो काढतो, कारण दहा हजार लिटर सांगून साडेआठ येतं. मेचा मेंटेनन्स डिसेंबरच्या जवळजवळ दुप्पट होतो. ताबा घेताना हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

पालिका म्हटलं की प्रश्न मिटला असंही नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. किरकटवाडी आणि नांदेड ही गावं २०२१ मध्ये पुणे पालिकेत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याच भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाते तो नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. लहान मूल घरात असेल तर शाळेच्या आधी नळ बघा.

पाषाणची मावशी
आणि मेट्रो येणार म्हणून कोणी घर घेऊ नका. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरात झाली. त्या वर्षी जन्मलेली पोरं शाळेत जायला लागली, तेव्हाही गणेशखिंड रस्त्यावर आम्ही तिचे खांबच बघत होतो.

कर्वेनगरकर
मारुंजीचे दादा, तुमची ती वही वाचून पोटात कालवलं. बाप रोज लागतो, मान्य. पण एक विचारते. ऑफिसजवळ म्हणजे कोणाच्या ऑफिसजवळ? आम्ही दोघं कमावतो. हिंजवडीजवळ घेतलं तर नवऱ्याला खराडी, म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. खराडीजवळ घेतलं तर मला. माझ्या दोन मैत्रिणींची घरं नवऱ्याच्या ऑफिसजवळ झाली आणि वर्षभरात दोघींनी नोकरी सोडली. कोणी सोड म्हटलं नव्हतं. शाळा एकीकडे, ऑफिस दुसरीकडे, मधली धावपळ तिचीच, मग आपोआप सुटली. कोथरूड मधोमध आहे, दोघांनाही सारखाच त्रास. मला तो सारखेपणाच हवाय.

वहिनी नोकरी करतात का?

मारुंजीचा बाबा
करत होती. कॅम्पात, एका बँकेत. इथे आल्यावर दहा महिने रोज गेली, मग सोडली. आता घरी शिकवण्या घेते. ताई, मी हे आधी लिहायला हवं होतं. सव्वासहाला घरी येतो हे लिहिताना ते डोक्यात आलंच नाही. घर चुकलं असं अजूनही वाटत नाही, पण ते मी एकट्याने ठरवणं बरोबर नाही. आज तिलाच विचारतो आणि जे म्हणेल ते इथे लिहितो.

टँकरचा हिशेब
लिहा जरूर. आमच्याकडे कमिटीत सात पुरुष आहेत, हा प्रश्न एकदाही निघालेला नाही.

मारुंजीचा बाबा
विचारलं. खूप वेळ बोललो, सगळं इथे लिहिणार नाही. ती म्हणते, घर आवडतं, पोरगा खूश आहे, पण बँक सोडताना तिला दुसरा मार्ग दिसला नव्हता, कारण हप्ता सुरू झाला होता आणि बिबवेवाडीचं घर आम्ही विकून बसलो होतो. आधी भाड्याने राहून बघितलं असतं तर परत फिरता आलं असतं. तुम्हाला निरोप दिलाय: कोथरूड असो की मारुंजी, घेण्याआधी त्याच इमारतीत अकरा महिने भाड्याने राहा, आणि करार जुलैपासून करा. जूनपासून केलात तर अकरा महिने एप्रिलअखेर संपतात आणि मेचं पाणी बघायचं राहून जातं.