मदत हवी आहे: बटरशिवायचे शोक्लादबोल्लर (स्वीडिश चॉकलेटचे गोळे) घट्ट कसे राहतील?

नमस्कार मंडळी,

आम्ही स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहतो. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागते त्या दिवशी लेकीच्या वर्गाचा बागेत ‘फिका’ (कॉफी-खाऊचा स्वीडिश बेत) आहे आणि शोक्लादबोल्लर करायचं आमच्याकडे आलंय. इथली मुलं बहुतेक पहिल्यांदा हाच गोड पदार्थ शिकतात, कारण ओव्हन लागत नाही. १०० ग्रॅम मऊ बटर, १ डेसिलिटर साखर, ३ डेसिलिटर ओट्स, ३ मोठे चमचे कोको, चमचाभर व्हॅनिला साखर, २ मोठे चमचे गार कडक कॉफी. सगळं हातानं मळायचं, लाडवासारखं वळायचं, मग खोबऱ्याच्या किसात किंवा जाड पांढऱ्या साखरदाण्यांत घोळवायचं.

वर्गातल्या एका मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. बिचाऱ्याला दर वेळी वेगळा डबा. या वेळी सगळ्यांनी एकाच ताटातलं खावं अशी माझी फार इच्छा आहे. वास नसलेलं खोबरेल घालून पाहिलं, पण फ्रिजमध्ये गोळे दगड होतात आणि उन्हात बसकण मारतात. काय घालू? आणि लहान मुलांसाठी कॉफीऐवजी काय?

प्रतिसाद १
साजूक तूप चालेल ना?

प्रतिसाद २
तूप अजिबात नको. कितीही कढवलं तरी दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो, अ‍ॅलर्जीत तेवढाही पुरतो.

खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं आणि त्याखाली पटकन कडक होतं. बटर हळूहळू मऊ होत जातं, म्हणून गोळा छान वळतो. तिथे वडीच्या रूपातलं पूर्ण वनस्पतीजन्य मार्गरीन मिळेल, ते घ्या. डब्यातलं पावाला लावायचं नको, त्यात पाणी जास्त असतं. पाकिटावरचे घटक मात्र वाचाच, काही मार्गरीनमध्येही दूध असतं.

प्रतिसाद ३
थोडे ओट्स मिक्सरमधून फिरवून घ्या, मिश्रण जास्त मिळून येतं. कॉफीऐवजी ओट्सचं दूध घाला, पण २ चमच्यांवर जाऊ नका. आदल्या रात्रीच करा, ओट्स मुरून चव सुधारते. बागेत नेताना डब्याखाली बर्फाची पिशवी ठेवा.

धागाकर्ती
खूप खूप आभार! उद्याच मार्गरीन आणते. त्या मुलाच्या आईला पाकिटाचा फोटो आधी पाठवीन, म्हणजे तिलाही खात्री पटेल. रात्री करून ठेवले तर साखरदाण्यांत तेव्हाच घोळवू की सकाळी?