मदत हवी आहे: व्ही-८ कॉन्टेसासाठी सुपरचार्जर कोणता घ्यावा? बॉनेट न कापता बसवायचा आहे

रंकाळा_व्ही८ (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

गाडी हिंदुस्तान कॉन्टेसा क्लासिक, वडिलांनी घेतलेली. तिचं इसुझूचं १.८ लिटरचं मूळ इंजिन उतरवून त्या जागी टोयोटाचं १यूझेड-एफई बसवलंय. चार लिटरचं व्ही-८, पहिल्या पिढीतलं, म्हणजे लेक्सस एलएस ४०० आणि जपानमधल्या सेल्सिओरला यायचं ते. गिअरबॉक्स आर१५४. मधली ॲडाप्टर प्लेट आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातच बनवून घेतली आणि ती अगदी चपखल बसली. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आलंय, ऑइल प्रेशर चांगलं आहे, वायरिंग हार्नेस नवा आहे. आता सुपरचार्जर, म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा ब्लोअर, घालायचाय आणि कोणता घ्यावा यावर घोडं अडलंय.

एक आधीच सांगतो. गाडी रस्त्यावर चालवत नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दोन्ही माहीत आहेत. गाडी ट्रेलरवरून जाते, प्रदर्शनात उभी राहते आणि धावपट्टीवरच्या ड्रॅगमध्ये पळते. तेव्हा आरटीओची चर्चा या धाग्यात नको, ही विनंती.

टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या ब्लोअरचा, विचार करून झाला. स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आधीच जेमतेम बसलाय, तिथे टर्बो आणि त्याचे गरम पाइप घालायला जागाच नाही. शिवाय मला पट्ट्यावर चालणारा ब्लोअरच हवाय. ती आवड आहे, तिच्यावर वाद नको.

माझ्या अटी अशा. पिस्टन बदलायचे नाहीत, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो १०:१ च राहणार. कंपनीच्या सेटिंगला इंजिन साधारण २६० पीएस देतं, मला ३५० च्या आसपास पुरे. त्यासाठी ६ पीएसआय बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब) धरतोय. पेट्रोल गावात मिळतं तेच, म्हणजे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं). शंभर ऑक्टेनशिवाय चालणार नाही अशी गाडी मला बांधायची नाही. आणि बॉनेट कापायचं नाही. कॉन्टेसाला लोक देशी मसल कार म्हणतात ते त्या लांब, सपाट बॉनेटमुळेच. त्याला भोक पाडून ब्लोअर बाहेर काढला तर गाडीचा चेहराच गेला.

अडचण अशी की ही बॉडी मुळात व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्स मालिकेची, चार सिलिंडरच्या सरळ इंजिनासाठी आखलेली. व्ही-८ रुंदीला मावलं, पण उंचीला फायरवॉलकडे फार कमी जागा उरते. गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीतून शाडू आणला होता, त्यातला उरलेला कामी आला. इनटेकवर पुढे, मध्ये आणि मागे शाडूचे गोळे ठेवले, वर प्लॅस्टिकचा कागद टाकला, बॉनेट पूर्ण लावून पुन्हा उघडलं आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजली. पुढे ६० मिमी, मागे ३४. मागच्या गोळ्यावर बॉनेटच्या आतल्या पट्टीचा ठसाही उमटलाय, त्यामुळे नेमकं कुठे अडतंय ते दिसतं.

पहिला पर्याय म्हणजे ईटनचा एम११२, जग्वार एक्सजेआर किंवा २००३-०४ च्या मस्टँग कोब्रावरून निघालेला. रूट्स पद्धतीचा, म्हणजे एकमेकांत फिरणारे दोन रोटर हवा पुढे ढकलतात; तीन पाकळ्यांचे रोटर. चार लिटरचं इंजिन एका फेरीला सुमारे १.९८ लिटर हवा ओढतं, एम११२ एका फेरीला १.८४ लिटर ढकलतो. गळती आणि इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा) धरून माझ्या हिशेबाने पुली रेशो १.५ च्या आसपास येतो, म्हणजे इंजिन ६००० वर असताना ब्लोअर ९००० वर. एकदम आरामात. त्याचा धाकटा भाऊ एम९० घेतला तर १.८ लागतो, तोही मर्यादेत आहे. पॅडल दाबताक्षणी बूस्ट मिळतो, हे मला फार आवडतं. पण हा व्ही च्या मध्ये, वर बसतो. त्याखाली पाण्याचा इंटरकूलर आणि खालचा मॅनिफोल्ड अशी थप्पी लागली की ३४ मिमी कुठल्या कुठे जातात.

दुसरा पर्याय ईटनचाच नवा टीव्हीएस. चार पाकळ्या, १६० अंशांचा पीळ, हवा कमी तापवतो. उंचीची अडचण तीच आणि किंमत ऐकून गप्प बसलो.

तिसरा सेंट्रिफ्युगल (वेगाने फिरणाऱ्या पंख्याने हवा दाबणारा), व्हॉर्टेक व्ही-३ किंवा रोट्रेक्स. इंजिनच्या पुढे एका बाजूला ब्रॅकेटवर बसतो, ऑइल स्वतःचं, बॉनेटला धक्का नाही, इंटरकूलर ग्रिलमागे. पण याचा बूस्ट फेऱ्यांच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ६००० ला ६ पीएसआय मिळत असेल तर ३००० ला दीडच. मला भीती आहे की खालून गाडी मेल्यासारखी वाटेल.

उष्णतेचा हिशेबही केला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथे हवेचा दाब साधारण १३.७ पीएसआय. म्हणजे ६ पीएसआय बूस्टला प्रेशर रेशो १.४४ पडतो. मे महिन्यातली ३८ अंशांची हवा ५५ टक्के कार्यक्षमतेच्या रूट्समधून गेली तर १०० अंशांवर बाहेर पडणार. ७२ टक्केवाल्या सेंट्रिफ्युगलमधून ८५ ला. दोन्हींना इंटरकूलर लागणारच, पण ड्रॅगच्या रांगेत उन्हात उभं राहून नंबर यायची वाट बघताना रूट्सचं काय होतं, हे वापरलेल्या माणसाकडून ऐकायचंय.

ज्यांनी प्रत्यक्ष बसवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दहाच्या कॉम्प्रेशनवर ६ पीएसआय सुरक्षित आहे का, आणि बॉनेट वाचवून रूट्स बसवायची काही युक्ती आहे का, हे दोन प्रश्न मुख्य.

---

टर्नर_शिरोली:

दादा, काम बघून बरं वाटलं. शाडूची मापं घेतली ते झकास, पण ती इंजिन बंद असतानाची आहेत. क्लच सोडून जोर लागला की व्ही-८ माउंटवर एका बाजूला उचलतं. त्यासाठी निदान १५-२० मिमी मोकळे सोडा. मग मागे तुमच्या हातात १४ मिमीच राहिले. तेवढ्यात रूट्स बसणार नाही, नाद सोडा.

कास्टिंगचं कुणी सुचवायच्या आधी मीच सांगतो. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं मुख्य काम ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नचं. एका मॅनिफोल्डसाठी पॅटर्न करून ॲल्युमिनियम ओतायला तयार होणारा माणूस शोधण्यापेक्षा जाड ॲल्युमिनियम प्लेट व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काढून टिग वेल्ड केलेली केव्हाही बरी. वेल्डिंगनंतर फेस परत मिलिंग करा, प्लेट ओढते.

सेंट्रिफ्युगल घेतलात तर सगळा जीव ब्रॅकेटमध्ये आहे. या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, हे ड्रॉइंग करताना विसरू नका. ब्रॅकेट असा करा की ब्लोअर न उतरवता टायमिंग कव्हर निघालं पाहिजे, नाहीतर दर वेळी अख्खं पुढचं खोलत बसाल. ब्रॅकेट एका बाजूने लटकता ठेवू नका, हेडला आणि ब्लॉकला दोन्हीकडे पकड द्या. तो जरा जरी वाकला तरी पट्टा उडणार. क्रँक पुलीच्या पुढे जी नवी पुली लावाल तिचा रनआउट (फिरताना किती डगमगते ते) डायल गेज लावून इंजिनवरच बघा, लेथवर बघितलेला धरू नका. मूळच्या बॅलन्सरमध्ये रबर आहे, ते जुनं आणि चिरलेलं असेल तर आधी बदला.

---

दुबईकर_पन्हाळा:

मी रूट्सच्या बाजूचा माणूस. इथे मित्राच्या जग्वार एक्सकेआरचं काम जवळून बघितलंय, तिला एम११२ च आहे. खालून जो ओढा मिळतो त्याची सर सेंट्रिफ्युगलला नाही.

जुना एम११२ घेणार असाल तर पुली हाताने मागेपुढे हलवून बघा. नाकाडातला कपलर झिजला की रिकाम्या चालीवर खडखड येते. तो स्वस्तात बदलता येतो, त्यात काही नाही. पण रोटरवरचं कोटिंग खरवडलेलं असेल किंवा केसिंगच्या आत रेघा असतील तर तो हातात धरू नका. आतलं ऑइल काढून वास घ्या, करपट आणि काळं असेल तर बेअरिंग गेलेत असं समजा.

रांगेतल्या उष्णतेबद्दल मात्र तुमची शंका खरी आहे. ब्लोअर दोन हेडच्या मधोमध बसलेला, खालून इंजिन तापवतंय, वरून ऊन. दहा-पंधरा मिनिटं उभं राहिलं की केसिंगला हात लागत नाही. इंटरकूलरच्या पाण्याला वेगळी टाकी करून तिच्यात बर्फ टाकतात, पण तो एक-दोन धावांपुरता उपाय. इथल्या उन्हाळ्यात तिसऱ्या धावेला गाडी सुस्तावलेली मी स्वतः पाहिलीये.

---

सांगलीकर_ट्यूनर:

भावा, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. खालून मेल्यासारखी वाटेल म्हणतोस, पण हे इंजिन ब्लोअरशिवायच ३५३ न्यूटन मीटर टॉर्क देतं. मूळच्या १.८ पेक्षा दुपटीहून कितीतरी जास्त. कॉन्टेसासारख्या गाडीला सुटताना तेवढा टॉर्कच टायरला झेपत नाही. त्यावर रूट्सने २००० ला आणखी ढकललंस तर नुसता धूर निघेल, वेळ कमी होणार नाही. ड्रॅगमध्ये पहिल्या वीस मीटरला पकड पाहिजे आणि मग पुढे ताकद. सेंट्रिफ्युगलचा चढता बूस्ट नेमकं तेच देतो. आर१५४ आणि मागच्या ॲक्सलचे शाफ्टही दुवा देतील.

रूट्स कुठे लागतो? इंजिन लहान आणि गाडी जड असते तिथे. तुझ्याकडे उलटं आहे.

दहाच्या कॉम्प्रेशनवर ६ पीएसआय चालतो, पण इंटरकूलर आणि इग्निशन टायमिंग दोन्ही हातात असतील तरच. पहिल्या पिढीचं इंजिन आहे हे तुझं नशीब, १९९५ च्या आधीचे कनेक्टिंग रॉड नंतरच्यांपेक्षा जाड आहेत. कुणीतरी जाड हेड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन उतरवायला सांगेल, ते करू नकोस. पिस्टन आणि हेडमधली फट वाढली की मिश्रण नीट ढवळलं जात नाही आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी पेटणं) कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं.

आता पेट्रोल. ई२० ला लोक नावं ठेवतात, पण बूस्टच्या इंजिनला इथेनॉल मदतच करतं. बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड होते. मात्र त्याला इंधन जास्त लागतं. साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं १४.७ चं प्रमाण, ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जादा इंधन. ३५० अश्वशक्तीसाठी माझ्या हिशेबाने प्रत्येक इंजेक्टरला ३७५ सीसीच्या पुढे लागतं, तू ४४० सीसीचे घे, पंपही त्या मापाचा घे. गेजवर एअर-फ्युएलचा आकडा बघत बसू नकोस, लॅम्डा बघ, म्हणजे त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या तुलनेत हवा किती ते. पूर्ण बूस्टला ०.८२ च्या आसपास ठेव, मग पेट्रोलमध्ये इथेनॉल थोडं कमीजास्त असलं तरी तुझं लक्ष्य तेच राहतं. नॉक सेन्सर वाचणारा स्टँडअलोन इसीयू (इंजिन चालवणारा स्वतंत्र संगणक) घे, त्यात पैसे वाचवायला जाऊ नकोस.

आणि टाकीपासून पुढच्या जुन्या रबरी नळ्या बदलल्यास का? इथेनॉलला चालणाऱ्याच टाक. जुनं रबर आतून सुटतं आणि त्याचे कण इंजेक्टरच्या जाळीत बसतात. एका सिलिंडरचा इंजेक्टर अर्धा तुंबला तर तेवढंच सिलिंडर लीन होतं (इंधन कमी पडतं), बाकी सात ठीक असतात, गेज काही दाखवत नाही आणि पिस्टन वितळतो. बूस्टच्या गाडीत मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते.

---

रंकाळा_व्ही८ (धागाकर्ता):

सगळ्यांचे मनापासून आभार. टायरला झेपेल तेवढंच खालून द्यायचं, हा विचार मी केलाच नव्हता. मी फक्त ब्लोअरचे आलेख एकमेकांशेजारी ठेवून बघत होतो, इंजिनचा स्वतःचा टॉर्क त्यात मिळवून बघितला नव्हता. काल रात्री दोन्ही एकत्र कागदावर काढले. सेंट्रिफ्युगलची रेघ ३५०० पर्यंत आत्ताच्या रेघेच्या थोडीच वर राहते आणि तिथून पुढे चढत जाते. मला हवी ती गाडी हीच.

शिरोलीच्या दादांनी सांगितल्यावर माउंटची हालचालही बघितली. हँडब्रेक लावून, चाकांना लाकडी ठोकळे देऊन, क्लच अर्धा सोडला आणि मुलाला मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगितलं. इंजिन चांगलंच उचलतं. रूट्सचा विषय संपला.

सेंट्रिफ्युगल ठरला. स्वतःचं ऑइल असलेलाच, म्हणजे इंजिनच्या ऑइल चेंबरला भोक पाडून रिटर्न लाइन टाकायला नको. स्टिअरिंगच्या विरुद्ध बाजूला ब्रॅकेट येईल, टायमिंग कव्हर मोकळं राहील असं ड्रॉइंग सुरू केलंय. आधी एमडीएफमध्ये कापून बसवून बघणार, मग ॲल्युमिनियम. नळ्या टाकीपासून रेलपर्यंत सगळ्या नव्या टाकतोय.

दुबईकर, तुमचा मुद्दा मनाला पटतो, तो ओढा मलाही हवाच होता. पण बॉनेट कापून नाही.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सहा रिबचा पट्टा या ताकदीला पुरतो की आठ रिबचाच घेऊ? धावपट्टीवर धूळ असते, पट्टा घसरला तर बूस्ट जाईल. आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेणारा डायनो (ताकद मोजायचं यंत्र) कुणाकडे आहे का? नसेल तर पुण्याला नेईन, पण जवळ असेल तर ट्यूनिंगला चार वेळा जाता येईल. नाव इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

टर्नर_शिरोली:

आठ रिबचाच घ्या. पण त्याआधी आयडलर अशा जागी द्या की ब्लोअरच्या छोट्या पुलीला पट्टा निदान अर्धा वळसा घालेल. तो वळसा कमी पडला तर दहा रिबचा पट्टाही घसरेल. एमडीएफचा ब्रॅकेट तयार झाला की फोटो टाका. पुल्यांची लाइन एकदा येऊन बघून जातो.