जनआरोग्य, आयुष्मान की वय वंदना? आबांसाठी कोणतं?

बार्शीकर
आबा ७२ वर्षांचे, आई ६४. रेशनकार्ड केशरी. आबांना चढ चढताना छातीत भरून येतं, डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी लागेल म्हणून सांगितलंय. थोरला भाऊ सुरतेला यंत्रमागावर आहे, तो म्हणतो इकडंच आणा. गेल्या वर्षी चुलत्यांचं कार्ड आम्ही भरती झाल्यावर चौथ्या दिवशी दाखवलं. दवाखान्याने "आता उशीर झाला" म्हणत सगळं बिल घेतलं. चुलत्यांनी शेळ्या विकल्या. आबांच्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. कुठलं कार्ड कुठं चालतं?

माजी आरोग्यमित्र
दादा, मी सहा वर्षं आरोग्यमित्र होते, म्हणजे दवाखान्यात योजनेच्या रुग्णांना मदत करणारी. महात्मा फुले जनआरोग्य ही राज्याची योजना, पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी. मर्यादा आधी दीड लाख होती, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख, आणि पांढरं कार्डही चालतं. पण तिच्या भरवशावर सुरतेला जाऊ नका.

आयुष्मान केंद्राची, २०१८ पासून. योजनेतल्या दवाखान्यात देशभर चालते, मात्र यादीत नाव लागतं. सुरुवातीची यादी २०११च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेवरून झाली (ती नेहमीची जनगणना नव्हे), म्हणून शेजाऱ्याचं नाव निघतं आणि आपलं निघत नाही. वय वंदना हे आयुष्मानचंच कार्ड, वय सत्तर किंवा जास्त असलेल्यांना, उत्पन्न न बघता. आईंना ते आत्ता मिळणार नाही.

चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं. आधी बिल भरून मागून पैसे मिळत नाहीत. भरतीच्या दिवशीच आरोग्यमित्राला गाठा, मंजुरी आधी घ्यायची असते.

गिरणगाव
भावाच्या पगारातून कामगार विमा कापला जातो का बघा. पगार २१,००० पर्यंत असेल तर जातो. त्यात अवलंबून असलेले आईवडीलही येतात.

बार्शीकर
भावाचा विमा कापत नाहीत, विचारलं. दुसरीच अडचण निघाली ताई. आधारवर आबा अजून ६८चेच आहेत! शाळेचा दाखला आहे, त्यावर खरी तारीख आहे.

माजी आरोग्यमित्र
वय वंदनाला आधारवरचंच वय धरतात. दाखला घेऊन तारीख दुरुस्त करा, ती एकदाच बदलता येते, म्हणून नीट तपासून द्या. पण त्यासाठी आबांना थांबवू नका. केशरी कार्ड आणि आधार घेऊन सोलापूरला जा. हृदयाचं काम योजनेत कुठे होतं ते निघण्याआधी १५५३८८ वर विचारा.

बार्शीकर
फोन लावला. सोमवारी निघतोय.