विषय: भाजीच्या शेतातला पहिला हंगाम

प्रेषक: लीड्स (माहेर रामबाग)

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या फोटोंत यंदा फराळाच्या ताटांपेक्षा गिलकी-दोडक्यांच्या पाट्याच जास्त दिसल्या! आईकडून कळलं की इंदूरच्या आपल्या मंडळातल्या काही घरांनी गावाबाहेर, राऊच्या पुढे एका शेतकऱ्याबरोबर सामायिक भाजीचं शेत सुरू केलंय. इथे माझं नाव अलॉटमेंटच्या (भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या तुकड्यांच्या) यादीत आहे, वसंतात तुकडा मिळेलसं वाटतं. कुंडीतल्या कोथिंबिरीपलीकडे अनुभव शून्य. पहिल्या हंगामात काय शिकलात ते कुणी सविस्तर लिहील का? आणि डिसेंबरात मुलांना घेऊन येतेय. एखादा रविवार शेतावर चालेल ना?

प्रेषक: सुदामा नगर

अगं, रविवार चालेल की. पण आमचा सगळा घोळ रविवारचाच आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

व्यवस्था साधी आहे. जमीन शेतकरी दादांची, रोजचं काम ते आणि वहिनी बघतात. आम्ही दहा-बारा घरं हंगामाचे पैसे आगाऊ देतो, रविवारी सकाळी जाऊन राबतो, निघेल ती भाजी वाटून घेतो. कागदावर फार छान दिसतं. पण भेंडीला रविवार कुठला कळायला! फूल आलं की पाच-सहा दिवसांत शेंग तोडायला येते, आणखी दोन दिवस राहिली की सुरीखाली करकरते. जून शेंगा झाडावर राहू दिल्या तर झाड बी भरायच्या मागे लागतं, नवी फुलं कमी येतात. म्हणजे एक दिवसाआड तोडणी हवीच. सुरुवातीला मधल्या दिवसांची तोडणी वहिनींवर पडायची आणि आम्ही रविवारी कोवळ्या भेंडीचे फोटो काढायचो! आता बुधवार-शुक्रवारची पाळी लावली आहे, ऑफिसच्या आधी दोन घरं जातात.

दोडक्याची तऱ्हा आणखी वेगळी. गिलकीचं फूल सकाळी उमलतं, मधमाश्या येतात, काम होऊन जातं. दोडक्याचं उमलतं संध्याकाळी. आम्ही सकाळी बघायचो ते सगळं मिटलेलं. त्यात या वेलींना आधी नुसती नरफुलं येतात आणि गळून जातात. त्या आठवड्यात ग्रुपवर रडारड होती की वेल वांझ आहे, औषध मारा. दादा हसले. मादीफुलाच्या मागे बोटाएवढं फळ आधीच दिसतं, ते दिसेपर्यंत थांबायचं. फळं कमी धरली तर तिन्हीसांजेला नरफूल तोडून मादीफुलाला हाताने लावता येतं. आमच्याकडच्या एक आजी हे काम कुणाला करू देत नाहीत.

माती मात्र तुझी वेगळी असणार, त्यामुळे आमचं सगळं तसंच्या तसं उचलू नकोस. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा आम्ही नवे गमबूट घालून हजर, आणि दादांनी बांधावरूनच परत पाठवलं. बतर, म्हणजे वाफसा, येऊ द्या म्हणाले. वाफसा यायच्या आधी चिखलात पाय पडले की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि वाळल्यावर अशी ढेकळं होतात की कुदळ उडते. मूठभर माती दाबून बघायची. गोळा होऊन टाकल्यावर फुटला तर उतरा. बोटांना चकचकीत लिबलिबीत चिकटली तर घरी जा, पोहे खा. इथले सोयाबीनवालेसुद्धा चांगला चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरत नाहीत. पाणी साचू नये म्हणून आमची सगळी भाजी गादीवाफ्यांवर आहे. मिरची-टोमॅटोची रोपं आधीच तयार करून ठेवली होती.

निंदणीचं विचारूच नकोस. लव्हाळा उपटला की वरचं पातं हातात येतं, खालची गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटते. खुरप्याने गाठीसकट काढायचा. घोळ आणि तांदुळजा मात्र टाकायचे नाहीत, ते घरी न्यायचे. आमच्या पहिल्या वाट्यात लावलेल्या भाजीपेक्षा तेच जास्त होते.

सगळ्यांत जड गेलं ते हळद्या पडलेली भेंडी उपटणं. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, पांढरी माशी तो रोग झाडाझाडांवर नेते, आणि रोग लागलेलं झाड बरं होत नाही. फुलावर आलेलं झाड उपटायला शहरी माणसाचा हात धजत नाही. वहिनींनी बोलता बोलता उपटून टाकली.

प्रेषक: लोकमान्य नगर

खताबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. जन्म कृषी महाविद्यालयात गेला, एवढा अधिकार आहे.

लीड्सच्या ताई, तिथे कुणी कंपोस्टचा ‘इंदोर प्रोसेस’ म्हणालं तर तो आपल्याच गावचा. 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ही पद्धत बसवली. 1931 साली दोघांच्या नावाने पुस्तक आलं. हॉवर्डचं नाव जगभर झालं, वाडांचं कुणी घेत नाही. 1935 मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा हे काम बघून गेले. तीच जागा म्हणजे आजचं आपलं महाविद्यालय.

पद्धत अशी: काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर, तीन पलट्या, सुमारे तीन महिने. उन्हाळ्या-हिवाळ्यात उथळ खड्डा, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं म्हणून जमिनीवर ढीग. ओल हवी तशी हवाही हवी, हवा कोंडली की ढीग कुजका वास मारतो. तुमच्याकडे पाऊस रेंगाळतो, तेव्हा ढीगच घाला आणि वर झाकण ठेवा.

आपल्या शेतावरचा ढीग मी बघून आलो. वेळेवर पलटत नाहीत. रविवार सोडून कुणाला सवड नसते, हे सुदामा नगरने लिहिलंच आहे.

प्रेषक: विजय नगर

सगळं ठीक, पण आगाऊ पैसे, पेट्रोल, वर घाम. एवढ्यात चोइथराम मंडीतून किती भाजी येईल? आणि ओला कचरा आपण वेगळा देतोच. 2022 पासून देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा गॅस होतो. साली बादलीत भरून राऊला कशाला न्यायच्या?

प्रेषक: सुदामा नगर

भाऊसाहेब, मंडीशी बरोबरी करायची तर आम्ही हरलो. जुलैत वाट्याला एकेक जुडी आली, सप्टेंबरात इतकी गिलकी की शेजारी बेल वाजली तरी दार उघडेनात. पण अतिपावसात काकडी पूर्ण बसली तेव्हा तो तोटा एकट्या दादांच्या डोक्यावर आला नाही, सगळ्या घरांत वाटला गेला. आगाऊ पैसे त्यासाठीच असतात. साली न्यायची सक्ती नाही, पण ढीग गाडीतल्या कचऱ्यावर होत नाही, काकांना विचारा. काका, पलटीचा वार तुम्हीच ठरवा, आणि हजेरीही तुम्हीच घ्या.

लीड्स, डिसेंबरात लसणाची निंदणी चालू असेल, बटाटा अजून जमिनीत असेल, आणि गराडू (आपल्याकडचा हिवाळी कंद) काढायला आलेला असेल. मुलांना खणायला मजा येईल. सोलायला मात्र बसवू नकोस, हाताला खाज सुटते, ते काम तेल लावून आम्ही करू. रविवारी गर्दी असते. बुधवार जमत असेल तर आधी कळव, त्या पाळीत दोन माणसं कमी आहेत.