पानगळ, शरद आणि डोंगरावरची उन्हं

इंदूरहून:
दिवाळीनंतर आम्ही सगळे, सासूबाईंपासून धाकट्या लेकीपर्यंत, काश्मीरला जाऊन आलो. चिनारांचे रंग आणि संध्याकाळी डोंगरांवर दिसणारा उजेड, दोन्ही मराठीत नीट लिहून ठेवायचं आहे. लेक शाळेत हिंदी आणि इंग्रजीच वाचते. हे शब्द घरातून मिळाले तरच तिला मिळतील. दोन जागी अडते आहे. या ऋतूला शरद म्हणावं की पानगळ? इंदुरात आपल्या तोंडी सरळ 'पतझड' येतं. आणि सूर्य मावळल्यावरही शिखरांवर काही वेळ जो गुलाबी रंग राहतो, त्याला काय म्हणायचं? 'संधिप्रकाश' लिहून पाहिलं, पण तो आभाळाचा वाटतो, डोंगराचा नाही.

महूहून:
ताई, नुसतं 'शरद' लिहू नका. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि आपल्या शरदात पानं गळत नाहीत. पाऊस सरलेला, आभाळ धुतलेलं, कोजागरीचं चांदणं, सोयाबीन निघालेलं, असं चित्र मराठी माणसाच्या मनात उभं राहतं. आमच्या महूजवळच्या जानापाव डोंगराच्या उतारावरचा साग तेव्हा अजून हिरवा असतो. तो उघडाबोडका होतो शिशिरात, माघ-फाल्गुनाकडे, पळस फुलायच्या सुमाराला. म्हणून 'शरद' वाचून आपल्याला चिनार दिसणार नाही. 'पानगळ' हे ऋतूचं नाव नव्हे, घडणाऱ्या गोष्टीचं नाव आहे. ती श्रीनगरला कार्तिकात होते, आपल्याकडे माघात. शब्द दोन्हीकडे खरा राहतो.

बडोद्याहून:
आमच्याकडे गुजरातीच्या संगतीत मराठी घरांतही 'पानखर' ऐकू येतं, तेही फार सुरेख आहे. पण ताई, शरद इतक्या लवकर सोडू नका. काश्मिरीत या ऋतूला 'हरुद' म्हणतात, आणि तो आपला शरदच आहे. संस्कृतातल्या 'श'चा तिथे 'ह' झाला, जसा 'शत'चा 'हथ' झाला. म्हणजे ज्या माणसांच्या दारात चिनार लाल होतो, ती माणसं त्या दिवसांना शरदच म्हणतात! शब्द एक, चित्रं दोन. 'जीवेम शरदः शतम्' मध्ये तर शरद म्हणजे अख्खं वर्ष. या शब्दाच्या पोटात बरंच मावतं. 'काश्मिरी शरद' किंवा 'शरदातली पानगळ' लिहिलंत तर दोन्ही साधेल.

महूहून:
'हरुद' मला माहीत नव्हता. 'शरदातली पानगळ' एकदम पटलं. आता रंगाबद्दल. 'पानं लाल झाली' एवढ्यावर थांबू नका. मराठीत पान पिकतं. हिरवं द्रव्य ओसरतं तसा पानात आधीपासून असलेला पिवळा वर येतो. लाल मात्र काही झाडं त्याच दिवसांत नव्याने तयार करतात. 'पिकणं' या क्रियापदात ही सावकाश बदलाची गोष्ट आपोआप येते. झाडावर आहे तोवर पिकलं पान, खाली वाळून पडलं की पाचोळा. आणि 'गळणं' व 'झडणं' यांत मला तरी फरक जाणवतो. पान एकेक, आपसूक गळतं. वारा सुटला की भराभरा झडतात.

इंदूरहून:
काका, 'पिकणं' मिळालं याचा फार आनंद झाला. चिनाराखाली ऊन जाळीतून पडावं तसं पडलं होतं, त्याला 'कवडसे' म्हणू ना? की 'तिरीप'?

बडोद्याहून:
जमिनीवर पडलेले ठिपके ते कवडसे. फटीतून येणारा तिरपा किरण ती तिरीप. दोन्ही वापरा, आपापल्या जागी.

महूहून:
आता डोंगरावरच्या उजेडाचं. मला वाटतं नाम शोधण्यातच आपण अडकतो. मराठीत उजेडाची सगळी श्रीमंती क्रियापदांत आहे. ऊन पडतं, चढतं, तापतं, कलतं, उतरतं, रेंगाळतं. 'ऊन' आलं 'उष्ण' वरून, प्राकृतातल्या 'उण्ह'मधून. तो जुना 'ह' अजून 'उन्हात', 'उन्हाळा', 'उन्हं' यांत ऐकू येतो. (हिंदीतलं 'ऊन' मात्र 'ऊर्णा' वरून, म्हणजे लोकर. आपल्या इंदूरच्या मुलांना हे मुद्दाम सांगायला हवं.) ऊब हा उन्हाचा जीव आहे, म्हणून सावलीत उजेड असतो पण ऊन नसतं. महूजवळ विंध्याच्या कड्यावर जो जाम दरवाजा आहे, तिथे संध्याकाळी उभं राहा: खाली निमाडचा सखल प्रदेश सावलीत गेलेला असतो आणि विंध्याच्या कड्यावर अजून उन्हं असतात. तिथे 'कड्यावर उन्हं रेंगाळली' याहून नेमकं काही नाही.

श्रीनगरला झबरवानचे डोंगर दल सरोवराच्या पूर्वेला आहेत, त्यामुळे मावळतीची उन्हं थेट त्यांच्या अंगावर येतात. हवेतून लांबवर येताना निळा विखुरला जातो, तांबूस तेवढा पोचतो. इथवर 'उन्हं'च म्हणा. पण ताई, तुमचा प्रश्न त्यापुढचा आहे. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर शिखरावर पडतो तो आभाळातून परतून आलेला उजेड. त्यात ऊब नाही, काठ असलेली सावलीही नाही. त्याला ऊन म्हणता येणार नाही. तिथे 'लाली' किंवा 'आभा'.

बडोद्याहून:
'आभा' सुंदर, पण थोडा पोथीतला आहे. लहान मुलीसाठी लिहायचं तर 'लाली'. फक्त 'तांबडं फुटलं' तिथे नको, ते पहाटेचंच. 'कातरवेळ'ही जपून वापरा, तिच्यात हुरहूर असते, आणि तुमची तर सगळ्यांची आनंदाची सहल होती.

इंदूरहून:
असं लिहिलं आहे, बघा: "शरदातली पानगळ चालली होती. चिनारांची पानं पिकून लाल झाली होती आणि आजी कवडशांत ऊन खात बसली होती. संध्याकाळी दलवर सावली उतरली तरी झबरवानवर उन्हं रेंगाळत राहिली. मग उन्हं गेली आणि नुसती लाली उरली."

महूहून:
'ऊन खात बसली' हे सगळ्यात छान. बाकी एकच: 'दलवर' ऐवजी 'दल सरोवरावर' लिहा, मुलीला कळेल.