शब्दचर्चा : म्हातारचळ, अरळु-मरळु, आणि हसू की हसं?

शहापूर, बेळगाव
आईच्या कागदांवर डॉक्टरांनी 'स्मृतिभ्रंश' (डिमेन्शिया) लिहिलंय. घरात तो शब्द कुणाच्या तोंडी बसत नाही. गल्लीत 'म्हातारचळ' म्हणतात, ते मला झोंबतं. धारवाडची आत्या मात्र कानडीत 'अरळु-मरळु री, बिड्री' (म्हातारपणचं बावचळणं हो, सोडा) म्हणते, तेव्हा बरं वाटतं. असं का?

दुसरं. आई माहेरची धारवाडकडची, अलीकडं कानडीच जास्त बोलते. परवा मला पाहुणा समजून तिनं विचारलं, 'ऊट आतेन्री?' (जेवण झालं का हो?) मी म्हटलं, 'इल्ल्री, बडसरी.' (नाही हो, वाढा.) तर लगेच मराठीत, 'मला काय सांगतोस? बायको नाही होय घरात?' सगळे पोट धरून हसलो, आई सगळ्यांत जास्त. नंतर पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, 'आईची चेष्टा करू नये.' ही चेष्टा होती का?

धारवाडकर
'चळ' हा चळण्यातला, म्हणजे जागा सोडण्यातला. आता 'म्हातारचळ' बहुधा म्हाताऱ्याच्या रंगेलपणाला लावतात. म्हणजे तो शब्द आजार सांगत नाही, चारित्र्यावर बोट ठेवतो. झोंबणारच. 'भ्रंश' म्हणजे ढळणं, घसरणं. गीतेत दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो' येतं, पण तिथं कारण क्रोध आहे, आजार नाही.

कानडीत 'अरळु' म्हणजे उमलणं, 'मरळु' म्हणजे परतणं. 'मरुळु' म्हणजे भूल, तोही त्यात ऐकू येतो. कानडी कवी द. रा. बेंद्रे यांच्या 'अरळु मरळु' या संग्रहाला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरची भाषा मराठी, त्या कवीनं म्हातारपणीच्या बावचळण्याच्या शब्दात पुन्हा फुलणं ऐकलं! आत्याच्या तोंडी तो मऊ वाटतो, त्यात नवल नाही.

निपाणी
मला इतकं मऊ वाटत नाही. आमच्याकडं कानडी शेजारी 'अरवत्तक्के अरळु-मरळु' (साठीला अरळु-मरळु) म्हणतात, आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो ('नाठी' म्हणजे नष्ट झालेली). दोन्ही म्हणींनी एकच घोटाळा होतो: वय झालं म्हणून सोडून देतात. थायरॉइड कमी असलं, बी-१२ कमी असलं, तरी माणूस गोंधळतो, आणि त्यावर औषध असतं. सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही म्हणीवर थांबलो नाही म्हणून तपासणी झाली. डॉक्टरांपुढं 'स्मृतिभ्रंश'च म्हणा, कितीही जड वाटला तरी. त्यातला 'स्मृती' मात्र अपुरा आहे. नुसतं विसरणं नसतं, शब्द सापडत नाहीत, पैशाचा हिशेब लागत नाही, ओळखीचा रस्ता अनोळखी होतो.

खानापूर
हसण्याचं उत्तर व्याकरणातच आहे. 'आईला हसलो' म्हणजे ती खाली, आपण वर. 'आईबरोबर हसलो' म्हणजे एका पंगतीत. 'हसू येतं' आणि 'हसं होतं' यांतही तेच अंतर. तुमच्या घरी विनोद आईनंच केला. बायकोचं नाव काढून तिनं तुम्हाला बरोबर पकडलं. त्याला चेष्टा कशी म्हणायची? आमच्या भागात चेष्टा बरोबरीच्या माणसाशीही चालते, पण पाहुण्यांना वरच्या सुरातली ऐकू आली असावी. तीच गोष्ट आई समोर नसताना चारचौघांत रंगवून सांगितली, तर मात्र मी 'हसं' म्हणेन.

शहापूर, बेळगाव
पटलं. आत्याला विचारलं, 'अरळु-मरळु' कुणाला म्हणतेस? म्हणाली, 'माझ्याच माणसाला. परक्याला कशाला म्हणू?' आईच्या फाईलवर 'स्मृतिभ्रंश' राहू दे, घरात आत्याचाच शब्द चालेल. गल्लीला म्हातारचळ कसा सोडायला लावायचा, हे कुणी सांगा.