आरटीईतून आलेली मुलं वर्गात एकटी पडतात, सुरुवात कुठून करावी?

चौथी_वर्गशिक्षिका: खासगी शाळा, पट ४०, त्यांतली १० मुलं आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब व वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या मोफत २५ टक्के जागांवरची. अभ्यासात मागे नाहीत. पण मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसतात, डबा झाकून खातात. सहल, वाढदिवस, रंगीत कपड्यांचा दिवस असला की हमखास गैरहजर. घरून एकच उत्तर, "पोट दुखत होतं." एकेकाला बाजूला घेऊन बोलू का?

शालेय_समुपदेशक: एवढ्यात नको, मॅडम. नाव घेऊन बाहेर बोलावलं की बाकीच्या ३९ जणांना कळतं. आधी महिनाभर एक वही ठेवा: गैरहजेरीची तारीख आणि त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी शाळेने काय मागितलं होतं. पैसे, सामान, कपडे? कुठे दुखतंय ते त्यातूनच दिसेल.

पोटदुखीला खोटं मात्र म्हणू नका. काळजीने लहान मुलांचं पोट खरंच दुखतं. सुट्टीच्या दिवशीही दुखत असेल, झोपेतून उठवत असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

निवृत्त_मुख्याध्यापक: बहुतेक वेळा घाव शाळेच्या व्यवहारातून बसतो. "आरटीईवाले उभे राहा" हे वाक्य वर्गात उच्चारलंच जाऊ नये. यादी कार्यालयातच राहू द्या. या मुलांना वेगळं बसवायला किंवा वेगळ्या वेळी शिकवायला नियमांत मनाई आहे, आणि कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मारण्याप्रमाणेच मानसिक छळालाही मनाई आहे.

सहलीचे पैसे वर्गात गोळा करू नका, सगळ्यांचेच बंद पाकिटातून कार्यालयात जाऊ द्या. कोणी भरले, कोणी नाही, ते वर्गाला कळत नाही. वाढदिवसाला गाणं आणि वर्गाने केलेलं शुभेच्छापत्र पुरे, चॉकलेटं सर्वांनाच बंद. प्रकल्प शाळेतच करून घ्या: पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रं, खळ, खडू एका खोक्यात. कलर प्रिंट आणि सजावटीला गुण ठेवले, तर गुण पालकांच्या खिशाला मिळतात.

शिक्षक_प्रशिक्षक: सरांशी सहमत, पण एवढ्याने मैत्री होत नाही. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांचा दिल्लीतल्या खासगी शाळांवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, शर्यतीत जोडीदार निवडताना भेदभावही कमी करू लागली. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या अक्षरक्रमाने पडत. एकाच गटात आल्याने प्रत्यक्ष ओळख वाढली, आणि बदलाचा मोठा वाटा तिथूनच आला.

तुम्हीही अक्षरक्रमाने पाचपाचचे ८ गट करा, ५-६ आठवडे बदलू नका. "तुमचे मित्र निवडा" म्हटलंत की जुनेच कंपू होतात. "प्रत्येक गटात एक आरटीईचं मूल" असं वाटपही नको. ते एकटं पडतं आणि गप्पच राहतं. नोंदी घेणं, सामान, वेळ, सादरीकरण ही कामं दर आठवड्याला फिरवा, नाहीतर सादरीकरण कायम इंग्रजी सफाईने बोलणाऱ्याकडेच जातं.

चौथी_वर्गशिक्षिका: वही आजपासून सुरू करते. पालकांशी काय बोलू?

शालेय_समुपदेशक: फोन करा, व्हॉट्सॲप गटावर काही नको. मुलाची एक चांगली गोष्ट आधी सांगा, पैशांचा विषय तुम्ही काढू नका. आठवीनंतर मोफत जागा संपते, हे मात्र सातवीतच सांगायला हवं. नाहीतर नववीची फी आणि मित्र सुटण्याची भीती एकदमच अंगावर येते. एखादं मूल "मी नसलेलंच बरं" असं बोललं, तर त्याच दिवशी पालकांना आणि समुपदेशकाला कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो.